मिठाच्या डोंगरातली पाहुणी

ऐका रे मुलांनो. उपासाच्या दिवशी आजी खिचडीत जे सैंधव घालते ना, ते डोंगर पोखरून काढलेलं असतं. झेलम आणि सिंधू या दोन नद्यांच्या मधे, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबात, मिठाच्या डोंगरांची लांबलचक रांग आहे. उन्हाळ्यात दुपारी तिथल्या खडकाला हात लावता येत नाही, आणि थंडीतल्या रात्री अंगावर दोन पांघरुणं घेतली तरी पुरत नाहीत. झाडं थोडी, काटेरी झुडपं फार. त्या खडकांच्या फटीत एक पाल दिवसभर पडून असते. सूर्य कलला की आधी डोकं बाहेर काढते, अंदाज घेते आणि मग पोट जमिनीपासून उचलून, सावकाश पावलं टाकत शिकारीला निघते. पिवळसर अंग, त्यावर काळे ठिपके आणि मागे चांगली जाडजूड शेपटी. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात एडवर्ड ब्लाइथ नावाचे मोठे जाणकार काम करत. मिठाच्या डोंगरातून आलेल्या या पालीचं शास्त्रीय वर्णन त्यांनी १८५४ साली केलं. तीच ही लेपर्ड गेको. आपण तिला बिबटी पाल म्हणू.

तुमच्या घरी नवी आलेली पाल, ठिपकी, त्याच घराण्यातली. तिनं स्वतः ते डोंगर पाहिलेले नाहीत, तिच्या आईनं आणि आजीनंही नसतील. अमेरिकेत माणसांच्या घरांत या पालींच्या पिढ्यामागून पिढ्या वाढल्या. पण शरीर काही इतक्यात विसरत नाही. बाहेर ॲन आर्बरमध्ये गुडघाभर बर्फ पडलेला असला, तरी ठिपकीचं शरीर तापलेला खडक, अरुंद फट आणि तिन्हीसांजेची वेळ यांच्याच शोधात असतं.

"पण आजोबा, आम्हाला तिला हातात का घेऊ देत नाहीत? आणि ती आमच्या आधीच्या पालीच्या, तुऱ्याच्या खोलीत का नाही?"

सांगतो. दोन्हींची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत. मात्र गोष्ट सावकाश ऐकावी लागेल, कारण ती एका सावकाश जगणाऱ्या प्राण्याची आहे.

आधी तिच्याकडे नीट बघा. काचेला हात न लावता. तिनं आत्ता डोळे मिटले, पाहिलंत? आपल्या भिंतीवरच्या पालीला हे जमत नाही. तिला हलणाऱ्या पापण्याच नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक कवच असतं आणि धूळ बसली की ती जिभेनं पुसून घेते. तुमचा तुराही तसाच. त्याच्या डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखी झालर दिसते, पण मिटायला पापणी नाही. ठिपकीचं कुळ पापण्या राखून असलेल्या थोड्या गेकोंपैकी. आणि तिची बोटं बघा. साधी, बारीक नखांची. भिंतीवर चढायला लागतात त्या चिकट गाद्या तिला नाहीत. खडकात राहणारीला काचेवर चढायचं काय काम?

आता शेपटी. ती तिची कणगी आहे. चांगले दिवस असतात तेव्हा खाल्लेल्यातली चरबी तिथं साठते आणि वाईट दिवसांत त्यावर गुजराण होते. शत्रूनं पकडलंच तर पाल शेपटी टाकून पळते. मणक्यांच्या आत मुळातच तुटायच्या जागा असतात, स्नायू तिथं आवळले की शेपटी सुटते, आणि सुटलेली शेपटी वळवळत शत्रूला गुंतवून ठेवते. पुढं नवी फुटते, पण तिच्यात मणके नसतात, नुसत्या कूर्चेची दांडी असते. दिसायला आखूड आणि गुबगुबीत. म्हणजे एका झटक्यात जीव वाचतो खरा, पण साठवणीची सगळी शिल्लक जाते. तुऱ्याचं तर आणखी कठीण. त्याच्या जातीची शेपटी एकदा गेली की परत येतच नाही. म्हणून म्हणतो, घाबरलेल्या पालीला पकडायचं नाही. घरी आल्या आल्या पोरांनी कौतुकानं झडप घातली आणि शेपटी हातात राहिली, असं होतं. चूक मुलांची नसते. त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक नवल सांगतो, मग मूळ गोष्टीकडे येऊ. ही अंड्यात असताना नर व्हायचं की मादी, हे अंडं किती उबेत आहे त्यावर ठरतं. सव्वीस अंशांच्या आसपास अंडी ठेवली तर जवळजवळ सगळ्या माद्या निघतात. साडेबत्तीसच्या सुमारास बहुतेक नर. आणि ऊब आणखी वाढवून चौतीस-पस्तीसपर्यंत नेली तर पुन्हा बहुतेक माद्या! ऊब म्हणजे या प्राण्याला केवढी मोठी गोष्ट आहे, ते यावरून कळावं. आपण जेवतो आणि त्या अन्नातून शरीरात ऊब तयार करतो. ठिपकीला ती बाहेरून घ्यावी लागते. पोटाखालचा दगड उबदार असेल तर पोटातला किडा पचतो. दगड गार असेल तर तो तसाच पडून राहतो, कुजतो आणि ती ओकून टाकते.

म्हणून तिच्या काचेच्या पेटीला दोन टोकं केली आहेत. एका टोकाला तळाशी हीटर आणि त्याला थर्मोस्टॅट, तिथल्या फरशीचं तापमान ३१ ते ३३ अंश. तुमच्या इथल्या फॅरेनहाइटमध्ये नव्वदच्या आसपास. दुसरं टोक २४-२५ अंशांचं. दोन्हीकडे लपायला एकेक खोपटं, आणि मधे ओलसर शेवाळ घातलेला झाकणाचा डबा. कात टाकताना तो लागतो. कोरड्या हवेत कात बोटांभोवती अडकून राहिली तर हळूहळू आवळते, रक्त पोचत नाही आणि बोट झडतं. सगळी कात नीट सुटली तर पाल ती खाऊनही टाकते, वाया जाऊ देत नाही. खाली वाळू का नाही, असं छोटूनं विचारलं होतं. नव्या, बावरलेल्या पालीच्या पेटीत वाळू नको. किड्याबरोबर पोटात जाते आणि आतड्यात बसते. साधा कागदी टॉवेल बरा. पांढऱ्या कागदावर तिची शी दिसते, आणि शी दिसणं हे पुढल्या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे. हसू नका! जनावरांचे डॉक्टर निम्मं निदान त्यावरून करतात.

आता पहिल्या पंधरवड्याविषयी. विचार करा, तिला डब्यात घातलं, गाडीत हलवलं, थंडी लागली, मग भलत्याच वासाच्या, भलत्याच उजेडाच्या जागी आणून सोडलं. रानात पालीला कुणी उचललं तर त्याचा अर्थ एकच, आपल्याला खाणार. ते भय शरीरात संप्रेरकं सोडतं, आणि ती फार दिवस चढी राहिली की भूक मरते, रोगाशी झगडायची ताकद उतरते. म्हणून पहिले दिवस ती खोपट्यातून बाहेर येणार नाही. कदाचित आठवडाभर खाणार नाही. तुमची आई काळजीत पडली होती, मी म्हटलं, शेपटी बघ. शेपटी भरलेली आहे तोवर वाट बघायला जागा आहे. पाणी रोज ताजं, ऊब नेमकी, उजेड मंद, आणि पेटीसमोर गर्दी नाही. पाहुणचार म्हणजे सतत समोर उभं राहणं नव्हे, हे तुम्हीही शिका.

संध्याकाळी एक-दोन रातकिडे द्यायचे. किड्यांना आधी दिवसभर गाजर, हिरवा पाला खायला घालायचा आणि देताना कॅल्शियमची पूड लावायची. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. खाल्ला नाही तर रात्री काढून टाकायचा, कारण भुकेले रातकिडे झोपलेल्या पालीलाच कुरतडतात. आणि काढलेला किडा तुऱ्याच्या पेटीत मुळीच टाकायचा नाही. का, ते येतंच आहे.

त्याआधी तुमच्याच गावातली एक गोष्ट. या ॲन आर्बरच्या विद्यापीठात मॅथ्यू क्लूगर नावाचे शास्त्रज्ञ होते. ताप का येतो, हा त्यांचा प्रश्न. ताप हा रोगाचा त्रास, की शरीराचा इलाज? माणसावर हे तपासणं अवघड. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वाळवंटातला डेझर्ट इग्वाना नावाचा सरडा घेतला. सरड्याला आतून ताप आणता येत नाही. तो गरम किंवा गार जागा निवडतो, बस. त्यांनी एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला गार अशी सोय केली आणि सरड्यांना जंतू टोचले. काय झालं असेल?

"मेले?"

थांब रे. आजारी सरडे नेहमीपेक्षा गरम जागी जाऊन बसले! आपल्याआपण त्यांनी अंगात ताप आणला. हे १९७४ साली छापून आलं. मग १९७५ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या गटांना ठरावीक तापमानात कोंडून बघितलं. ३४ अंशांत ठेवलेले आजारी सरडे टिकले नाहीत. ४२ अंशांतले बहुतेक वाचले. पुढच्या वर्षी ताप उतरवायचं औषध देऊन पाहिलं, तर ज्यांचा ताप त्या औषधानं खरोखर अडला ते दगावले. ताप हा शरीराचा इलाज आहे, हे इतकं स्वच्छ दाखवणारे प्रयोग थोडे. ते इथं, आपण रविवारी फिरायला जातो त्याच गावात झाले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ठिपकीकडे या. ती आत काही रोग घेऊन आली असेल, तर त्याच्याशी झगडायला तिला ऊब स्वतः निवडता आली पाहिजे. म्हणून गरम टोकाला खोपटं हवंच. खोपटं फक्त गार बाजूला असलं, तर घाबरलेली पाल ऊब सोडून लपणं पत्करते, आणि आजारी असेल तर तिथंच हरते. पेटीची मांडणी हेच तिचं पहिलं औषध.

"पण ती तर आजारी दिसत नाही."

तेच तर! रानात आजारी दिसणारा प्राणी आधी मारला जातो. म्हणून पाली, सरडे, साप दुखणं लपवतात, अगदी शेवटपर्यंत. शिवाय सगळं सावकाश. आपल्याला आज जंतू शिरला तर चार दिवसांत खोकला सुरू होतो. या प्राण्यांत कधी कधी महिने जातात. म्हणून नव्या पालीला साठ ते नव्वद दिवस वेगळं ठेवायचं, असं बहुतेक जाणते सांगतात. मी म्हणेन नव्वद. घरात आधीची पाल असताना तर नव्वदच.

या लपून येणाऱ्या पाहुण्यांत सगळ्यात वाईट आहे क्रिप्टोस्पोरिडियम. नाव मोठं, आकार एवढासा की दोनशे दाणे एका ओळीत ठेवले तर कुठं एक मिलिमीटर होतो. १९०७ साली अर्नेस्ट टायझर या अमेरिकी शास्त्रज्ञानं तो उंदराच्या पोटात पहिल्यांदा ओळखला. त्याच्या पुष्कळ जाती आहेत. पालींच्या लहान आतड्याच्या अस्तरावर जी जात बसते, तिच्यामुळे अन्न अंगी लागत नाही. पाल खाते, तरी वाळत जाते. आधी शेपटी उतरते, मग नुसती काडी राहते. मी अशी पाल पाहिली आहे. डोळे तेवढे मोठे, बाकी सगळं आटलेलं. तिला पुरतं बरं करणारं खात्रीचं औषध नाही, म्हणून इतकी सगळी धडपड, तो रोग दुसऱ्या पालीपर्यंत पोचू नये यासाठी.

आणि तो पोचतो कसा? शीतून. शीबरोबर बाहेर पडलेला दाणा त्याच क्षणी दुसऱ्याला रोग द्यायला तयार असतो. त्याचं कवच इतकं चिवट की घरातलं ब्लीच त्याचं काही बिघडवत नाही. कढत पाणी, वाफ आणि कडकडीत वाळवणं यांना मात्र तो भितो. चिमट्याला, पाण्याच्या वाटीला, तुमच्या बोटांना, रातकिड्याच्या पायांना चिकटून तो जातो. ठिपकीच्या पेटीतला उरलेला किडा तुऱ्याला का नको, ते आता कळलं?

हा प्राणी पाण्यातूनही फिरतो. आपण उन्हाळ्यात मिशिगन सरोवर बघायला गेलो होतो ना? त्याच्या पलीकडच्या काठावर मिलवॉकी शहर आहे. १९९३ साली तिथल्या नळाच्या पाण्यात याची माणसाला त्रास देणारी जात आली आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होतं, पण क्लोरीनला तो बधला नाही. पालींच्या जातीचा क्रिप्टो माणसाला सहसा होत नाही, घाबरू नका. पण शत्रू किती चिवट आहे, ते लक्षात ठेवा.

तो शोधायचा कसा? शीचा ताजा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. क्षयाचे जंतू शोधायला जी रंग द्यायची रीत आहे, तीच थोडी बदलून इथं वापरतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या रंगात लालसर गुलाबी ठिपके दिसले की समजायचं. पण खोड अशी की आजारी पाल रोज हे दाणे टाकत नाही. मधूनच टाकते. एकदा तपासणी केली, काही सापडलं नाही, म्हणून निर्धास्त होता येत नाही. काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा, आणि पुन्हा. नव्वद दिवस लागतात ते असे. डॉक्टर त्याच नमुन्यात जंतही बघतात. जंत या पालींत पुष्कळदा असतात, औषधानं जातात. मात्र पेटी घाण राहिली की तेच जंत परत पोटात, मग औषधाचा उपयोग नाही. अंगावर, डोळ्यांच्या कडेला, काखेत तांबडे हलणारे कण दिसले तर ते माइट, रक्त पिणारे. पांढऱ्या कागदावर तेही उठून दिसतात.

आणि ताई, तुझी वही. दर रविवारी वजन. स्वयंपाकघरातला नको, वेगळा छोटा काटा घ्यायचा, त्यावर डबा ठेवायचा, डब्यात तिला आपणहून चालत येऊ द्यायचं. पूर्ण वाढलेली बिबटी पाल साधारण पन्नास ते ऐंशी ग्रॅमची. वजन किती आहे यापेक्षा ते कुठं चाललंय, हे बघायचं. काय खाल्लं, शी कशी झाली, कात कधी टाकली, सगळं लिही. डोळ्यांना जे महिनाभर दिसत नाही, ते आकड्यांत दोन रविवारी दिसतं.

तुमच्यासाठीही एक नियम आहे. पालींच्या पोटात साल्मोनेला नावाचे जिवाणू सुखानं राहतात, त्यांना काही होत नाही, माणसाला मात्र जुलाब आणि ताप. इथं अमेरिकेत पूर्वी लहान लहान कासवं दुकानांत मिळत. मुलं ती तोंडात घालायची, आजारी पडायची. शेवटी १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर सरकारनं बंदी आणली. २०१५ मध्ये तुऱ्याच्या जातीच्या पाळीव पालींमुळेही निरनिराळ्या राज्यांतली माणसं आजारी पडली होती. म्हणून पेटीला हात लावला की साबण. पेटीतली वाटी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायची नाही. तिची पापी घ्यायची नाही. शेजारची चिमुरडी पाच वर्षांची होईपर्यंत तिनं लांबूनच बघायचं.

"वेगळं ठेवलं की तिला एकटं नाही वाटणार?"

हा प्रश्न मला आवडला. माणसांनी हे फार पूर्वीपासून केलंय. डुब्रोवनिक बंदरानं १३७७ साली नियम केला की प्लेगच्या मुलखातून आलेल्यांनी आधी महिनाभर बाहेर राहायचं, मग शहरात यायचं. आपल्याकडे १८९७ च्या सुमाराला प्लेग आला, तेव्हा गावंच्या गावं रिकामी करून लोक शेतामळ्यात झोपड्या घालून राहिले. त्याच प्लेगात पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना स्वतः उचलून मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. वेगळं ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावं. आजाऱ्याला वेगळं ठेवतात, तेव्हा त्याच्याकडे जास्त जावं लागतं, कमी नाही. आणि ठिपकीचं म्हणशील, तर बिबटी पाल आपल्यासारखी गप्पांची भुकेली नसते. उबदार दगड आणि अंधारी फट मिळाली की तिचं भागतं.

आता एका बेटाची गोष्ट. जावा बेटाच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ख्रिसमस आयलंड म्हणून एक ठिपका आहे. मालकी ऑस्ट्रेलियाची. तिथं एक छोटी पाल होती, लिस्टरची गेको. जगात दुसरीकडे कुठंच नाही. गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी ती आणि बेटावरचे इतर सरडे भराभर दिसेनासे होऊ लागले. बाहेरून येऊन पसरलेल्या एका सापावर मोठा संशय. एक जात तर डोळ्यांदेखत संपली. बेटावरच्या वनातल्या स्किंकची शेवटची मादी, गंप तिचं नाव, ३१ मे २०१४ ला मेली. लिस्टरची गेको मात्र वाचली, कारण २००९ पासून माणसांनी उरल्यासुरल्या पाली गोळा करून पेट्यांमध्ये वाढवायला घेतल्या होत्या. काही बेटावरच ठेवल्या, काही पुढं सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयात नेल्या.

आणि २०१४ मध्येच बेटावरच्या पेट्यांतल्या पालींची तोंडं सुजायला लागली. चेहरे बेढब झाले, त्या मलूल होऊन मेल्या. शोधता शोधता एक जिवाणू सापडला, शास्त्राला अगदी नवा, एन्टेरोकोकस लॅसर्टिडीफॉर्मस. आणि तो आणखी कुणात सापडला माहीत आहे? बेटावर बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या साध्या घरपालींत! मुंबईत, कोकणात ट्यूबलाइटजवळ जी चुकचुकते ना, तीच जात. जहाजांच्या मालाबरोबर ती जगभर गेली. बघा, जगात शेवटच्या उरलेल्या त्या पाली, आणि त्यांच्या मुळावर एका साध्या घरपालीतला जंतू. तारोंगातली तुकडी समुद्रापलीकडे वेगळी होती, तिच्यापर्यंत तो पोचला नाही. अंतर होतं म्हणून ती तुकडी सुखरूप राहिली.

म्हणून ठिपकी वरच्या खोलीत आणि तुरा खाली. चिमटे वेगळे, वाट्या वेगळ्या, पुसायची फडकी वेगळी. आणि रोज क्रम ठरलेला, आधी तुऱ्याचं काम, मग ठिपकीचं. उलट कधीही नाही. ठिपकीचं झाल्यावर तुऱ्याकडे परत जायचं नाही, काही राहिलं असलं तरी उद्या.

"आणि नव्वद दिवस झाले, तपासण्या चांगल्या आल्या, की दोघांना एका पेटीत ठेवायचं ना?"

नाही रे राजा. तुऱ्याचे पूर्वज न्यू कॅलेडोनियाच्या ओल्या जंगलातले. १८६६ साली त्यांची नोंद झाली, मग कुणालाच दिसेनात. सगळ्यांनी आशा सोडली, आणि १९९४ मध्ये ते पुन्हा सापडले. ते झाडावर राहणारे. त्यांना चोवीस-पंचवीस अंश आवडतात, अठ्ठावीसच्या वर गेलं की जीव कासावीस होतो. ठिपकीचा उबदार दगड त्याला मारील, आणि त्याची दमट हवा तिला आजारी पाडील. नव्वद दिवसांनी एवढंच होईल की ठिपकीची पेटी खालच्या खोलीत येईल, तुऱ्यापासून दोन हात अंतरावर, आणि तिला संध्याकाळी हातावर चालू देता येईल. वरून झडप घालायची नाही. तळवा तिच्या पुढ्यात सपाट ठेवायचा आणि ती येईपर्यंत थांबायचं.

आणखी एक सांगतो, पुढल्या दिवाळीत महाराष्ट्रात याल तेव्हासाठी. ठिपकीची चुलत बहीण आपल्याकडेही राहते, महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये, खडकाळ माळावर. सातपुड्यातली एक जात तर २०१४ साली नव्यानं नोंदवली, ती आपल्याच तरुण अभ्यासकांनी. गावाकडे लोक तिला विषारी समजून ठेचतात. गेकोंच्या कुळात एकाही पालीला विष नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात दिसली तर लांबून बघा, मामाला दाखवा, गावातल्या पोरांना सांगा. पकडून मात्र आणायची नाही. रानातली पाल रानातच राहील.

चला, सहा वाजले. ताई, तुऱ्याचं पाणी बदल आणि हात धुऊन ये. छोटू, तू वही घे. मग वर जाऊ. आज ठिपकीच्या शीचा दुसरा नमुना घ्यायचा आहे. ताजा असेल तर झाकणाच्या डबीत भरून, डबीवर तारीख घालू. आपल्या खाण्याच्या फ्रीजमध्ये नाही हं, बाबांनी तळघरात वेगळा छोटा फ्रीज ठेवलाय, त्यात. फ्रीझरमध्ये घालू नका, नमुना बिघडतो. सकाळी डॉक्टरांचा दवाखाना उघडला की बाबा नेऊन देतील.